गिझरचा बोल्ट

६ जानेवारी १९८६, सोमवार
नको नको झालंय! पहाटे साडेचारला गिझरचं बटण — खट्! मग स्टूल ओढून न्हाणीच्या दाराशी बसायचं. पाणी तापलं की बटण बंद, आणि घरभर हाका. मामंजी, गिरणीचा बॉयलर नव्हे तो! गिरणी बंद पडून चार वर्षं झाली, सासऱ्यांची पाळी काही संपत नाही.

कोणी आलं की तेच — "एकतीस वर्सां बॉयलर सांभाळलंय. एक माणूस भाजलो नाय." पाठ झालंय मला.

९ जानेवारी
बोअरच्या पाण्याने गिझरची वाट लागली. नळातून पांढऱ्या खपल्या येतात. टाकी रिकामी करून धुवायला हवी. प्रकाश म्हणतो, "तुम्ही दोघं ठरवा." नवरा की पाहुणा!

माहितीपत्रक वाचलं. बटण बंद करा, पाणी पूर्ण गार होऊ द्या, येणारं पाणी बंद करा, मग बुडाचा बोल्ट काढा. यात काय मोठं? पण मामंजींचं सुरू — "बंद करशीत तेव्हा माका सांग. येणाऱ्या पाळयेक सांगल्याशिवाय बॉयलर बंद करूचो नाय." म्हटलं, हे घर आहे, बॉयलरखातं नाही! तर म्हणे, "कागद वाचून गरम पाणी कळणा नाय गो." ग्रॅज्युएट आहे मी!

१० जानेवारी
अबोला. छान शांत वाटतंय.

११ जानेवारी
संध्याकाळी बटण बंद केलं. सकाळपर्यंत गार होईल. सांगितलं नाही. कशाला सांगू?

१२ जानेवारी, रविवार
मामंजी दूध आणायला केंद्रावर गेले, तेवढ्यात साधलं. बटण बंद होतं, दिवाही विझलेला. नळ सोडून बघितला नाही. कॉक फिरवला, गिझरखाली उभी राहून पान्याने बोल्ट सैल केला. तेवढ्यात मामंजी दूध घेऊन आले, मागून ओरडले — "मृणाल, हात काढ!" असा धक्का दिला की मी दारावर आपटले. बोल्ट सुटला. वाफाळतं पाणी त्यांच्या डाव्या हातावर, पार खांद्यापर्यंत.

साडेचारला त्यांनी रोजच्यासारखं पाणी तापवून बटण बंद केलं होतं. माझं काय चाललंय ते त्यांना कुठे ठाऊक होतं!

डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत — "माझ्याच हातान." येताना रिक्षात प्रकाश सारखा त्यांच्यावरच खेकसत होता. "या वयात कशाला नसते उद्योग, बाबा?" मी बाहेर बघत बसले.

१५ जानेवारी
साडेचारला जाग आली. खट् नाही. सगळे गार पाण्याने आंघोळी करून गेले.

राग येतोय त्यांचा! कोणी सांगितलं होतं मोठेपणा घ्यायला?

१९ जानेवारी, रविवार
गिरणीतले गुणाजीकाका बघायला आले. हसत म्हणाले, "काय रे काशीराम, एकतीस वर्सांत एक नाय, आणि घरच्या गिझरवर?" मामंजी पट्टीकडे बघत राहिले. "होय रे. गेला ता नाव."

प्रकाश तिथेच होता. मी चहा ठेवला, साखर पुरे का विचारलं, आणि आत आले.