साखरपुड्यासाठी लिंपलेला दात

ती. प्रमिलाताईस,

प्रतिभाचा वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला दमला की अजून रात्रभर बोलतोच आहे? आम्ही इकडे तापीकाठी सगळे मजेत आहोत. फोन असताना पत्र कसलं, असं म्हणशील. पण आमच्या घरात फोन स्पीकरवरच लावायचा रिवाज आहे आणि तू मला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं सासूबाईच देतात. (मागे तू माझं वजन विचारलंस, तेही त्यांनीच सांगितलं. वाढवून सांगितलं.)

भावेशच्या साखरपुड्याला तुझ्या कंबरेने तुला येऊ दिलं नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. पहिल्यापासून म्हणजे माझ्या पुढच्या दातापासून. लहानपणी हातपंपाचा दांडा उसळून लागला आणि दात अर्धा तुटला, हे तुझ्यासमोरच झालं. उरलेला अर्धा हळूहळू चहासारखा तपकिरी झाला. तेव्हापासून मी हसताना तोंडावर पदर धरते. लग्न होऊन इथे आले, तर सासूबाईंना तो पदर भारी आवडला. सून काय मर्यादेची, हसली तरी भिंतीला ऐकू जात नाही, असं त्यांनी गावभर सांगितलं आणि गल्लीतल्या बाकीच्या सुनांना माझा दाखला देऊन देऊन त्यांचं माझ्याशी बोलणं बंद करून टाकलं. मर्यादा कसली गं, दात होता तो! पण फुकट मिळालेलं नाव कोण परत करतं?

साखरपुडा ठरला तेव्हा भावेश म्हणाला, "मम्मी, घरातल्या एकाही फोटोत तुझं तोंड नाही." ते मला लागलं. मी भावेशच्या पप्पांना घेऊन शहाद्याला दातांच्या डॉक्टरकडे गेले. चेतना मॅडम वयाने लहान, पण हात शांत. त्या म्हणाल्या, दात काढायचा नाही, दाताच्याच रंगाचा लगदा थर देत देत लावायचा, आकार द्यायचा आणि निळ्या उजेडाने कडक करायचा, याला बाँडिंग म्हणतात. भावेशचे पप्पा लगेच म्हणाले, "म्हंजे कुड लिपतस तसंच शे." रंग ठरवायला मॅडमनी छोट्या छोट्या दातांची पट्टी काढली आणि साडीला ब्लाउजपीस लावून बघतात तसा एकेक दात माझ्या दातांशी धरला. मी सगळ्यात पांढरा मागितला. तो लावला तर बाकीचे न घासलेले दिसतील, असं त्या म्हणाल्या, तेव्हा बाकीच्यांशी जुळणारा घेतला. निळा दिवा लागला, तसे भावेशचे पप्पा वेल्डिंगच्या दुकानात बसावं तसे भिंतीकडे तोंड करून बसले आणि बाहेर बाकावरच्या पेशंटांनाही ओरडले, "तथा देखू नका रे!"

मग मॅडमनी घासून गुळगुळीत केलं आणि हातात आरसा दिला. ताई, मी आधी दात पाहिला, मग स्वतःला पाहिलं आणि डोळेच भरून आले. भावेशचे पप्पा वाकून बघत म्हणाले, "तू अशी दिखस व्हय?" (इतका संसार झाल्यावर हा प्रश्न!) पुढचे दोन दिवस चहा नाही, हळद नाही. आपल्या घरात हळदीशिवाय काय शिजतं? दूध-केळी खाल्ली आणि उपवास आहे म्हणाले. सासूबाईंनी तेवढ्यात माझ्या भक्तीचंही नाव गावात करून ठेवलं.

आता साखरपुडा. मुलीचे, म्हणजे काजलचे, मामा दगाभाऊ फार करारी. सगळं लग्न त्यांच्या शब्दावर जुळलेलं. फेटा बांधून ते दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि "दोन्ही घरांची मान उंच राहो" म्हणताना स्वतःचीच मान एवढी उंच केली, की फेटा मागच्या मागे बासुंदीच्या पातेल्यात. मंडपात सगळ्यांच्या माना खाली. मी पदराला हात घालणार, तर पदर पिनेने घट्ट आणि हातात ओवाळायचं ताट! हसू निघालं ते थेट, चढावर उसाचा ट्रॅक्टर निघावा तसं. मामांचा चेहरा लालबुंद. सासूबाई वळून म्हणाल्या, "कोन हासनं हाई?" मी मेले, ताई. वाटलं, माझ्या दातापायी लेकाचं लग्न मोडलं.

तेवढ्यात काजल हसली. माझ्याहून मोठ्याने! विहीणबाई तिला चिमटा काढायला गेल्या आणि स्वतःच तोंडात पदर कोंबून खाली बसल्या. मामांनी फेटा उचलला, त्याला लागलेली बासुंदी बोटाने पुसली, चाखली आणि गंभीरपणे म्हणाले, "साखर कमी शे." मग सगळा मंडपच आडवा झाला.

परतताना गाडीत सासूबाई माझ्या शेजारी सरकल्या. म्हणाल्या, "इतलं हासू कथा दपाडी ठेयेल व्हतं व माय?" हसू कुठे दडवलं होतं, ते मी खरं सांगून टाकलं: पदराआड, आणि पदर दातासाठी होता. त्या म्हणाल्या, "मंग मी गावले काय सांगू?" दुसऱ्या दिवशी सांगितलंच: सून हसली म्हणून साखरपुडा पार पडला.

दाजींना नमस्कार. कंबरेला जप.

तुझी धाकटी,
प्रतिभा

ता.क. : पाकिटावर पत्ता लिहायला पेनाचं टोपण दातांनी ओढलं आणि कट्‌ झालं. कोपरा उडाला गं! रविवारी विहीणबाई येणार आहेत आणि भावेशचे पप्पा या दाताची हमी गावभर देत फिरताहेत. तुला हात जोडते, यांना फोन कर, कंबर फार दुखतेय म्हण आणि मला तुझ्याकडे लोणखेड्याला बोलावून घे. तिथून शहाद्याला गुपचूप जाऊन येईन.

ता.क. दुसरा : फोन करू नकोस. सासूबाई समोरच बसल्या होत्या, त्यांनी सगळं पाहिलं. उठल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन भावेशच्या पप्पांना म्हणाल्या, "मन्हा गुडघा दुखी ऱ्हायना. प्रतिभा माले शहादाले ली जाई." हे पत्र पोस्टात न टाकता पहाटेच्या एसटीच्या कंडक्टरकडे देते; उद्या दुपारी दोघी तुझ्याकडे जेवायला येतो. खापरावरचे मांडे कर, असा त्यांचा निरोप आहे. एवढा गुडघा दुखत असताना मांडे कसे खाल, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "गुडघा दुखस. भूक नही."