डब्यांमधलं इंजिन

प्रिय पोरी,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून दचकली असशील. दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. एक दाढ तेवढी काढली, ती गेलेलीच बरी होती. बातमी अशी, की बाबूची मोटरसायकल सुरू झाली. मंगळवारी, भर दुपारी, सातव्या किकला.

आता पहिल्यापासून सांगते. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आली, म्हणून ती रिकामी करायला घेतली आणि भंगारवाल्याला बोलावलं. त्याने गाडीचा सांगाडा दारापर्यंत ओढत नेलासुद्धा. मी त्याला इंजिनाच्या सुट्या भागांचे डबे आणून देत होते. बिस्किटांचे, चहाचे, दोन तर माझ्याच बटणांचे. एकाचं झाकण सहज उघडलं, तर आत चिठ्ठी, तुझ्या अक्षरात: ‘बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह. आत घेणाऱ्याशी याचं पटत नाही, वेगळा ठेवावा.’ मग दुसरा डबा उघडला, तिसरा उघडला. प्रत्येकात तू होतीस. बाबू एकेक भाग सुटा करत सांगायचा आणि तू जमिनीवर मांडी घालून लिहून घ्यायचीस, ते सगळं डोळ्यांपुढे आलं. इंजिन धूर ओकायला लागलं म्हणून त्याने ते सुट्टीत उघडलं, आणि पुढच्याच महिन्यात ऑफिसातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. सात वर्षं ते इंजिन डब्यांत पडून होतं आणि मी त्या खोलीत पाऊल टाकत नव्हते. भंगारवाल्याला म्हटलं, गाडी परत आत ठेव. तो माझ्याकडे असा बघत राहिला, की याच बाईने सकाळी दोनदा फोन केला होता ना?

पलीकडच्या गल्लीतले मिस्त्री तुला आठवत असतील. मान कायम एका बाजूला कललेली, इंजिनाचा आवाज ऐकत असल्यासारखी. गॅरेज बंद केलंय त्यांनी, दिवसभर घरी बसून कंटाळतात. त्यांना बोलावून डबे दाखवले. त्यांनी अर्धा तास नुसत्या चिठ्ठ्याच वाचल्या आणि म्हणाले, “हे लिहिणारीने माझं निम्मं काम करून ठेवलंय. कोण ही?” मी म्हटलं, माझी सून. ‘होती’ म्हणायला हवं होतं, पण जीभ वळली नाही.

इंजिन घराबाहेर जाऊ देणार नाही असा मी हट्ट धरला, तेव्हा माझ्या कापड बेतायच्या टेबलावर जुन्या चादरी अंथरून काम सुरू झालं. पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडर एका बाजूने झिजला होता. तेवढा एक लेथवाल्याकडे पाठवून आतून तासून घेतला, आणि त्या मापाचा पिस्टन मिळेपर्यंत अडीच महिने गेले. सत्तर वर्षांपूर्वीची ब्रिटिश गाडी, तिचे नट इंचांच्या मापाचे; बाजारातला एक पाना धड बसेल तर शपथ. मिस्त्री स्वतःचे जुने पाने फडक्यात बांधून घेऊन यायचे. मी रॉकेलच्या पातेल्यात एकेक भाग घासून काढला. जोडांमध्ये बसवायची गास्केट तयार मिळेनात, तेव्हा जाड कागद, खडू आणि कात्री घेऊन मीच बेतली आणि कापली. चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांना काजं केली, ती अशी कामाला आली. मिस्त्रींनी गास्केट उजेडात धरून उलटसुलट पाहिलं आणि काही न बोलता जागेवर बसवलं. हा माणूस खोट काढायची संधी सोडत नाही, त्यामुळे मी दिवसभर फुगून होते.

सगळं जुळत आलं आणि एक डबी उरली. तिच्यात एक बारीकशी वाकडी पट्टी आणि तुझी चिठ्ठी: ‘हे कुठलं, ते त्यालाही माहीत नाही. आव मात्र आणतोय.’ मिस्त्री चार दिवस ती पट्टी घेऊन बसले. कार्बुरेटर पुन्हा खोलून पाहिला, ठिणगी पाडणारा मॅग्नेटो पाहिला, जेवणावरचं लक्ष उडालं त्यांचं. पाचव्या दिवशी मी चष्मा लावून ती हातात घेतली. माझ्या शिलाई मशीनच्या बॉबिन-केसची पट्टी होती ती. त्या सुट्टीत ती हरवली म्हणून मी तुम्हा दोघांना किती फैलावर घेतलं होतं! मला हसू फुटलं. टेबलाचा आधार घेऊन, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आणि तुला सांगायला मागे वळले. स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून तू उभी राहायचीस, तिथे. बाबूसाठी मी अशी हजारदा वळले असेन, त्याची सवय झाली होती. त्या दिवशी मात्र तुझ्यासाठी वळले, आणि तिथे नुसतं फडकं लटकत होतं.

मंगळवारी गाडी अंगणात काढली. सहा किका फुकट गेल्या. सातव्या किकला ती खोकली, निळा धूर सोडला आणि मग तिने ठोका धरला. संथ, एकेक मोजता येईल असा. समोरच्या डॉक्टरीणबाई गॅलरीत आल्या. मला वाटलं होतं, तो आवाज ऐकून बाबू घरी आल्यासारखा वाटेल. तसं काही झालं नाही. तो गाडीचा आवाज होता, चांगला होता, एवढंच. मिस्त्री हात पुसत म्हणाले, “मालकीणबाईंना कळवा आता.” मला आधी कळेचना, कोण मालकीण. मग त्यांनी चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

गाडी तुझीच आहे. हवी तेव्हा ने, नको असेल तर राहू दे. पण मी त्यासाठी लिहीत नाहीये. तीन वर्षांपूर्वी, तुझं दुसरं लग्न ठरल्यावर, तू त्यांना घेऊन मला भेटायला आली होतीस. नंतर तुझं पत्र आलं, ‘आई, तुम्ही घरी नव्हतात, चुकामूक झाली.’ पोरी, मी घरी होते. दाराच्या आत, कडीवर हात ठेवून उभी होते. तू त्यांना सांगत होतीस, “आईंचे गुडघे दुखतात, यायला वेळ लागतो त्यांना. थोडं थांबू या.” आणि तुम्ही थांबलात, किती तरी वेळ. माझा मुलगा संपला आणि तुझं आयुष्य पुढे चाललंय, हे मला बघवणार नव्हतं. ती चुकामूक नव्हती, माझी चूक होती. तुझ्या पत्राला उत्तरही दिलं नाही. आता ये. रागावून ये हवं तर, पण ये. त्यांनाही आण. त्यांना काय म्हणून हाक मारायची, याचा मी खूप विचार केला. मला मुलगी नव्हती, म्हणून जावई म्हणायची वेळ कधी आली नाही. त्यांची हरकत नसेल, तर तसं म्हणेन.

तुझीच,
आई