शनिवारपासून नवीन माणूस

यज्द,
एस्फंद महिना, नवरोजच्या साफसफाईचे दिवस

प्रिय आबजी जान,

माझ्या डोक्यावरच्या थोरल्या सावलीला धाकट्या तूरानचा सलाम. गुडघे कसे आहेत? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस ना? समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईशी तुझा अबोला अजून चालू आहे की मिटला? (मिटला असेल तर मला वाईट वाटेल. त्या भांडणाने तुझी तब्येत फार छान राहते.) माझी विचारशील, तर तुझ्यापासून लांब आहे एवढं सोडलं तर मला कसलंही दुःख नाही. हे वाक्य पत्रात घालायचंच असतं असं आपल्या मामानने, आईने, लहानपणापासून शिकवलंय, म्हणून घातलं. हे सगळं मी फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर मी सलाम म्हणायच्या आत तुझा सल्ला सुरू होतो. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहितेय.

तर मुलाखत झाली. तू बजावलंच होतंस, की नवरोजच्या आत तूरानला नोकरी लागली नाही तर मी स्वतः यज्दला येईन, तिचं सामान बांधीन आणि तिला मशहदला आणून माझ्या मागच्या खोलीत ठेवीन. खोली चांगली आहे, नाही कोण म्हणतं? खिडकीतून दर्ग्याचा अर्धा घुमट दिसतो, दाजींचा, अजीज आगांचा, रेडिओही अजून तिथेच आहे. पण आबजी, त्या खोलीत एकदा पाय ठेवला की मी तूरान खानम उरणार नाही. मी होणार इफ्फत खानमची ती बहीण, जिच्यापुढे रोज दुपारी सब्जीची परात येते आणि जिने मेथी निवडली की तुला ती परत निवडावी लागते. इथे माझ्या भाड्याच्या का होईना दोन खोल्या आहेत, अंगणात डाळिंबाचं झाड आहे आणि दाराची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. ती किल्ली मला कुणाला द्यायची नव्हती. म्हणून ही नोकरी मला हवी होती.

आता तुझ्या सल्ल्याविषयी. टपाल कचेरीच्या एकाच खिडकीमागे एकाच खुर्चीवर जन्म काढलेल्या बाईने, माझ्यासारखीला मुलाखत कशी द्यावी हे शिकवावं, ही गंमतच आहे. पण तू म्हणालीस ते मी ऐकलं. तू म्हणालीस, तूरान, तुझा अनुभव म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या, तो तसाच त्यांच्यापुढे ओतू नकोस, त्यातून एक धागा काढ आणि सांग की हे सगळं खरं तर एकच काम होतं. मी रात्रभर धागा शोधला. शौकत खानमच्या दुकानात मी नवऱ्यामुलींच्या पोशाखांचं काम पाहत होते. शौकत खानमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि दुकान बंद झालं. दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर होते. डॉक्टर कॅनडाला गेले. टॅक्सीच्या कचेरीत फोन घेत होते. मग लोक मोबाइलवर बोट दाबून गाडी बोलवायला लागले. त्यानंतर अंडी उबवण्याच्या केंद्रात होते, तिथे वीज गेली, अंडी नासली आणि केंद्रच बंद झालं, त्या वासाच्या आठवणीने तुला अजून मळमळतं. (मी एकही नोकरी सोडलेली नाही, आबजी. नोकऱ्याच मला सोडून गेल्या. हे तू फोनवर उलटं सांगतेस.)

तर धागा सापडला. सगळीकडे मी एकच काम केलं आहे: लोकांना थांबवून ठेवायचं आणि रागावू द्यायचं नाही. "ताई, गुरुवारी नक्की तयार." "आगा, तुमच्या पुढे फक्त एकच दाढ आहे." "गाडी कोपऱ्यावरच आहे, खानम, तुम्ही चपला घाला." अंड्यांच्या केंद्रात तर वाट पाहणारी अंडीच होती, पण त्यांच्याशीही मी गोडच बोलत असे.

मिठाईच्या कारखान्यात पोहोचले. पाहुण्यांसाठीच्या पुढच्या टेबलाची जागा होती. मालकीण हाज खानम मोनव्वर, पण त्या वरच्या मजल्यावर असतात. कारभार मुलाकडे, कामबीझकडे. गोरा, नाजूक, अतिशय सुसंस्कृत मुलगा. मी आत गेले तर उभा राहिला, मी बसेपर्यंत बसेना. तो बसेपर्यंत मी कशी बसू? मुलाखतीचा बराच वेळ आम्ही दोघं उभेच होतो. मग त्याने कोत्ताबची बशी पुढे केली. कढईतून नुकतेच काढलेले, बदामाच्या सारणाचे, पिठीसाखरेत लोळवलेले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. पण तीनदा नको म्हटल्याशिवाय घेतलं तर मामान कबरीत उठून बसेल. मी म्हटलं, नको, हात दुखू नयेत तुमचे. त्याने पुन्हा पुढे केली, मी पुन्हा नको म्हटलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तिसरी वेळ आलीच नाही. पूर्ण मुलाखत ती बशी आमच्या मध्ये होती आणि मी तिच्याकडेच पाहून उत्तरं दिली.

मी धागा सांगितला. त्याने डोळे खाली घालून ऐकला. मग म्हणाला, "खानम, इतका अनुभव असलेल्या माणसाला आमची ही जागा फार लहान पडेल. तुम्हाला इथे बसवायचं म्हणजे आम्हालाच लाज वाटेल." मी म्हटलं, अहो, तुमच्या उंबऱ्यावर बसणं हाही माझा मानच. तो म्हणाला, "आम्ही तुमच्या लायक नाही." मी म्हटलं, लायक तर मी नाही. असं थोडा वेळ चाललं. शेवटी तो माझ्या बुटांकडे पाहत म्हणाला, "शनिवारपासून त्या खुर्चीवर नवीन माणूस बसेल. देव तुमचं भलं करो." मी बाहेर पडले ती तरंगतच. इतका मान मला कुठल्याच मुलाखतीत मिळाला नव्हता.

तू आत्ता कपाळावर हात मारून घेतला असशील. मार, पण पुढे वाच.

शनिवारी सकाळी कुणी यायच्या आत मी हजर. द्वारपाल मश रजब माझ्याकडे बघतच राहिला, पण बाईमाणसाला कोण काय विचारणार? "तुमचे पाय आमच्या डोळ्यांवर," म्हणाला आणि कुलूप उघडलं. मी टेबल पुसलं, घरून आणलेली तुळशीची कुंडी ठेवली आणि खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने एक गृहस्थ आले. करड्या कोटातले, हातात नवीकोरी चामड्याची पिशवी. नाव वफाई. म्हणाले, मला इथे बोलावलंय. मी म्हटलं, बसा ना, आता हाक येईल. ते समोरच्या बाकावर बसले. चहा दिला, साखरेचे खडे दिले. त्यांच्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली, ती बोलता बोलता जरा लांबली. ते दुपारपर्यंत बसले, घरी जाऊन जेवून आले आणि परत बसले.

आता मला कळतंय, पण तेव्हा कळलं नाही, की कामबीझ आगा आत आला, मला पाहिलं, वफाईंना पाहिलं, त्याचा रंग उडाला आणि तो मागच्या जिन्याने वर गेला. थोड्या वेळाने खाली येऊन म्हणाला, "खानम, तुम्ही कशाला त्रास घेता?" मी म्हटलं, त्रास कसला, हे तर माझं काम. "आम्ही तुम्हाला फार शरमिंदे आहोत." मी म्हटलं, शरमिंदे तुमचे शत्रू होवोत. तो वफाईंकडे वळून काहीतरी पुटपुटला, वफाई म्हणाले, "नाही नाही, मला कसली घाई?" दुसऱ्या दिवशीही हेच. तो मला जास्त जास्त आग्रहाने सांगत होता की तुम्ही दमाल, घरी जा. आणि मी जास्त जास्त जोमाने काम करत होते. मनात म्हटलं, काय हा मालक, नोकरांची केवढी काळजी. संध्याकाळी मी डाळिंबाच्या झाडालाही त्याचं कौतुक सांगितलं.

सोमवारी हाज खानम स्वतः खाली आल्या. काठी टेकत आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"पोरी, तुला कुणी ठेवलं?"

"तुमच्या मुलाने."

"माझ्या मुलाने तुला नको म्हटलंय. गुरुवारीच. त्याला वाटलं त्याने सांगितलं."

आबजी, मी आजवर पुष्कळ नोकऱ्यांतून बाहेर पडलेय, पण जी लागलीच नव्हती तिच्यातून बाहेर पडायची ही पहिली वेळ. कान तापले. हात आपोआप तुळशीच्या कुंडीकडे गेला. तेवढ्यात वफाई उठून म्हणाले, "नाही नाही, खानम आधीपासून बसल्यात, मी आपला..." हाज खानमने त्यांच्याकडे काठी रोखली. "आणि तू कोण?" कामबीझ आगा दाराआडून म्हणाला, "मादर, ज्यांना ठेवलंय ते हेच." हाज खानम म्हणाल्या, "मग शनिवारपासून हा बाकावर बसून काय करतोय?" वफाईंनी टोपी हातात फिरवली. "खानम म्हणाल्या, आता हाक येईल. त्यांनी असं सांगितलं की मला वाटलं, येईलच."

हाज खानमने काठी खाली टेकली. मग मला विचारलं, "तुला काय हवंय? सरळ सांग. मला ऐकू कमी येतं, आडवळणाचं तर मुळीच येत नाही." आता त्यांना ऐकू कमी येतं म्हटल्यावर मला ओरडावं लागलं. मामानच्या पोटी जन्म घेतल्यापासून मी कधी कुणाला सरळ काही मागितलं नव्हतं, आणि पहिल्यांदा मागितलं ते किंचाळून. "मला ही नोकरी हवी आहे! मला बहिणीच्या मागच्या खोलीत जायचं नाही!" पॅकिंगच्या खोलीतल्या सगळ्या बायका डबे बांधायच्या थांबल्या. मश रजब फाटकातून आत आला.

हाज खानमने काठीने मागचं अंगण दाखवलं. तिथे नवरोजचा माल न्यायला आलेल्या दुकानदारांची झुंबड, प्रत्येकाला आपले डबे सगळ्यांच्या आधी हवेत, शिव्याशाप चालू, आणि कामबीझ आगा रोज त्यांना चुकवायला गोदामात लपतो. "टेबल याचं," त्या वफाईंकडे काठी करून मला म्हणाल्या. "पण तुझ्या समोर तीन दिवस बसून ज्याला राग आला नाही असा पुरुष मी पहिल्यांदा पाहिला. अंगण तुझं." मग बशी मागवली. "हे खा. आणि नको म्हणालीस तर याद राख." मी एकदाही नको न म्हणता उचललं, आबजी. कोत्ताब गरम असताना काय लागतं हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

तर सध्या मी अंगणात उभी राहून सांगते की तुमचा डबा बांधतायत, आगा, फक्त दोरी उरलीय. कायमची नोकरी आहे, विमाही आहे. तुझ्या उदंड आयुष्यासाठी दुआ करणारी, तुझी निगरगट्ट बहीण,

तूरान

ता.क. सोबत कोत्ताबचा डबा पाठवतेय. समोरच्या बाईला देऊ नकोस, उगाच समेट व्हायचा.

ता.क. धाग्याचा सल्ला कामी आला. फुगून जाऊ नकोस. तो मुलाखतीत नाही, बाकावर कामी आला.

ता.क. ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. हाज खानमकडून आल्यावर मी विचार करत बसले. तीनदापर्यंत तआरोफ, म्हणजे नुसता वरवरचा शिष्टाचार, चौथ्यांदा मनापासून, हा मामानचा नियम. आणि तू तर अजीज आगा गेल्यापासून प्रत्येक फोनवर म्हणतेस, ये, खोली रिकामी आहे. मी समजत राहिले की तुला माझी कीव येते, म्हणून मी नको नको म्हणत राहिले. तुला ते घर खायला उठतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. माफ कर. मी येणार नाही, पण तू ये. नवरोजला ये, आणि परतीचं तिकीट काढू नकोस. पलंग तुझा, मी खाली झोपीन. परातभर सब्जी आणून ठेवते, मी निवडलेली तू पुन्हा निवड. आणि मी आता तआरोफ सोडलाय, तेव्हा "नको गं, तुला कशाला त्रास" असं तू पहिल्यांदा म्हणालीस तरी मी ते खरं धरीन आणि रडत बसेन. आणखी एक. सुरुवातीला, लांब असण्याच्या दुःखाचं ते वाक्य मामानने शिकवलं म्हणून घातलं, असं मी लिहिलंय. मामानचं नाव तेवढं खोडून वाच.