गॅमा किरणांची प्रतिमा आणि तेलाचा डबा

मी, उत्तमसिंग थावरू चव्हाण, बी.कॉम. (द्वितीय श्रेणी), वय चोपन्न, साखऱ्याच्या हायस्कुलातील वरिष्ठ लिपिक. यंदा विज्ञानदिनाचे मुख्य व्याख्यान मी देणार आहे. तयारीची अचूक नोंद राहावी, एवढ्यासाठी ही रोजनिशी. अन्य कोणी वाचू नये.

१० फेब्रुवारी २००३, सोमवार
विषय निश्चित. लेसरच्या माऱ्याने इंधनाची गोळी दाबून सूर्यासारखी ऊर्जा काढण्याचे प्रयोग, आणि त्या गोळीची गॅमा किरणांनी घ्यावयाची प्रतिमा. गोळी ज्वारीच्या दाण्याहून लहान. ती सर्व बाजूंनी सारखी दाबली गेली की नाही, हे प्रतिमेवरून कळते. हिंगोलीच्या सायबर कॅफेतून अकरा पाने छापून आणली. शब्दकोशाच्या साहाय्याने सात समजली.
व्याख्यान उत्तम झाल्यास जिल्हा विज्ञान प्रदर्शनात शाळेतर्फे मलाच पाठवू, असे मुख्याध्यापक म्हणाले. आजवर तेथे विज्ञानाचे शिक्षक धम्मानंद इंगोले जात. आता पुरे.

१३ फेब्रुवारी
इंगोले सर आपण होऊन सल्ला द्यायला आले. म्हणे, भाऊसाहेब, लेकरांना भाकरीच्या पिठाचा गोळा दाखवा. एका अंगानं जास्त दाबला का दुसऱ्या अंगानं फुटतो, झालं. शिसारी आली. अशाच माणसांमुळे देशाचे विज्ञान चुलीपाशी बसून आहे.

१७ फेब्रुवारी, सकाळी ९
गॅमा किरण काचेच्या भिंगाने वळत नाहीत. म्हणून जाड धातूत बारीक छिद्र पाडून त्यातून प्रतिमा घेतात. प्रात्यक्षिकात तेच तत्त्व, साध्या उजेडावर. तेलाचा रिकामा डबा. एका बाजूस सुईचे छिद्र, समोरच्या बाजूस बटर पेपर. डोक्यावर चादर घेऊन पाहिले. अंगणाबाहेरची बाभूळ उलटी दिसली, पण अंधूक.
पत्नी नीलाबाई हिनेही पाहिले. म्हणाली, झाड उलटंच बघायचं व्हतं तर डोक्यावर उभं राहायचं, डब्याचा जीव काहून घेतला. दुर्लक्ष केले. अंधूकपणा मात्र खपवून घेणार नाही.

२० फेब्रुवारी
दाभणाने छिद्र वाढवले. उजेड वाढला. कडा किंचित पुसट. वाणिज्याचा साधा सिद्धांत: आवक वाढली की हाती अधिक लागते.

२३ फेब्रुवारी, रविवार
मोठा खिळा ठोकला. प्रतिमा अत्यंत उजळ. झाड असावे. इंगोले सर वाटेने जाताना थांबले, पाहिले, म्हणाले, आता वाढवू नका भाऊसाहेब, एकेका ठिपक्याचा डाग होऊन राहिला. मत्सर इतक्या उघडपणे करू नये. किळस येते.

२६ फेब्रुवारी
छिद्रात करंगळी जाते. कागद दुधासारखा पांढरा. अंधूकपणा पूर्णतः गेला. झाडही दिसत नाही. चष्म्याचा नंबर वाढला असावा. व्याख्यान लिहून पूर्ण, पाने एकतीस.

२८ फेब्रुवारी, सायं. ६
दुपारी व्याख्यान. बाहेरगावचे पाहुणे, मुले, शिक्षक, सर्व उपस्थित. मुले रांगेने डब्यात पाहून गेली. एकाने विचारले, ह्याच्यात काय बघायचं? प्रकाश, मी म्हणालो. मागून कोणीतरी बोलले, त्यो तर बाहीर बी हाय. असभ्य हशा. पाहुण्यांनी घड्याळ पाहिले.
इंगोले सर उठले. चहापुडीची चमकी, म्हणजे आतला चंदेरी कागद, छिद्रावर डकवली, पाहुण्यांच्या बिल्ल्याची टाचणी काढून तिला टोचली आणि त्यांनाच डब्यासमोर उन्हात उभे केले. कागदावर पाहुणे उलटे, टोपीसकट, एकेक घडी स्पष्ट. रांग पुन्हा लागली. पाठोपाठ पिठाचा गोळा. तोही फुटला, ठरल्या बाजूने. पोरांना सगळे समजले. मी चौथ्या पानावर असताना घंटा झाली.
या गावाचा वीट आला आहे.

१ मार्च, शनिवार
प्रदर्शनासाठी इंगोले सरांचे नाव कळवावे, असे मुख्याध्यापकांनी सांगितले. पत्र मीच टंकलिखित केले. चार प्रती, एकही चूक नाही.
दुपारी इंगोले सर टेबलाशी आले. म्हणे, डबा धरायला तुमीच चला भाऊसाहेब, तुमच्यावाणी बराबर दुसरं कोणी धरत न्हाई. मी स्पष्ट शब्दांत नकार दिला.
बस किती वाजता आहे, एवढे विचारून ठेवले.

उ. था. चव्हाण
साखरा, दि. १ मार्च २००३