पाहुण्या माश्यांची शेकोटी

डोंगरकडा,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८६०

चिरंजीव रामकिशन भावजी,

तुमच्या वहिनीचा अनेक आशीर्वाद. घरी समदे खुशाल. कपिला व्याली, कालवड झाली. अक्षर वाकडं दिसलं तर मला नावं ठेवू नका, शिकवणाऱ्याला ठेवा. चुलीपुढं पाटी घेऊन तुमीच गिरवून घेतलं होतं.

तुमची पेटी हिंगोली टेसनावरून बराबर पोचली. लिहायला उशीर झाला. बऱ्याच माश्या मेल्या, त्याचं मागून सांगते.

पण अगंबाई, काय ते जीव! गांधीलमाश्या येणार म्हणून शेजारची सखुबाई लेकरं घेऊन घरात दडली होती. पेटीतली माश्यांची नळी दाखवली तवा म्हणते, "ह्या व्हय? ह्या तर चिलटाएवढ्याबी न्हाईत!" डसणं न्हाई, भणभण न्हाई. मोसंबीवरच्या त्या पिठाळ किडीवर बसायचं, तिच्या पोटात अंडं घालायचं, आन् पिलानं तिला आतून खाऊन बाहेर पडायचं. असली माशी समुद्रापलीकडून आणायची, तुमी ती बंगळूरला कुपीत वाढवायची आन् आमच्या डोंगरकड्याला धाडायची! भावजी, मी मीठमोहऱ्यांनी तुमची दृष्ट काढली. हसू नका.

आता तुमच्या दादांचं. तुमी शेती सोडून नोकरीवर गेलात, तवापासून यांनी तुमचं नाव घेतलं न्हाई, हे तुमाला ठाऊक. इकडं तंबाखूचं पाणी झालं, राख झाली, कीड हटेना. बाग तोडायची म्हणून यांनी कुऱ्हाडीला धार लावून आणली. तुमी दोघा भावांनी खांद्यावर पाणी वाहून जगवलेली झाडं ती! मी म्हणलं, एक पेटी येऊ द्या, पौर्णिमेपर्यंत थांबा. "त्याच्या माश्या माझ्या बागेत नको," म्हणले. पण नळ्या उघडल्या तवा बांधावर उभे होते.

खरं लिहू का? माश्या रेल्वेतच मेल्या असं लिही, असं यांनी मला बजावलं होतं. मला ते लिहवेना, म्हणून इतके दिवस पत्रच न्हाई.

भावजी, रेल्वेत एकबी मेली न्हाई. माश्या सोडल्या त्याच दिवशी तिन्हीसांजेला बागेत धूर दिसला म्हणून मी पळत गेले, तर हे झाडाझाडाखाली शेकोट्या पेटवून राहिले! माश्या धुरानं पानांवरून गळून पडलेल्या. मी ओरडले, "अवो, हे काय करून राहिले?" कावरेबावरे झाले. म्हणाले, "गरम मुलखातली लेकरं ती. परक्या गावात थंडीनं काकडतील, वाटलं." मग काटकीनं विस्तव उकरत म्हणाले, "तिकडं त्याच्यावर तरी कोण पांघरूण घालत असंल?"

मला तिथंच रडू कोसळलं. एवढ्या वर्सांनी तुमचा विषय मायेनं निघाला, तो असा.

मग रोज उठून हे बागेत. पौर्णिमेच्या आधीच एका सकाळी मला हाका मारून राहिले. विहिरीकडच्या झाडांपर्यंत धूर पोचला नव्हता. तिथल्या किडी फुगून तपकिरी पडलेल्या, पाठीला सुईनं टोचल्यावानी गोल भोक. पिलं बाहेर निघालेली! हे पान तळहातावर घेऊन सखुबाईच्या दारात गेले आन् म्हणाले, "बघा, आमच्या रामकिशनची करामत." नाव घेतलं, भावजी, तोंड भरून घेतलं. त्या कुऱ्हाडीनं काल मी सरपण फोडलं.

सोबत घोंगडी धाडली आहे. ती मी न्हाई, यांनी निवडली.

आणखी माश्या लागतील, पण पेटी एकटी रेल्वेत टाकू नका. घेऊन या. शेकोटी आता अंगणातच पेटवीन, असं यांनी कबूल केलंय.

तुमची वहिनी द्वारका,
आन् लिही म्हणले म्हणून लिहिते,
तुझा दादा