घासलेला नंबर

मेहरूण, जळगाव
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय ज्योत्स्ना,

सलाम. बरी असशील. धुळ्यात थंडी पडली असेल. अम्मीने दुआ सांगितली आहे आणि विचारलंय, पॉलिटेक्निकात शिकवायला लागल्यापासून तू वेळेवर जेवतेस तरी का. अब्बूंची नजर कमी झाली, तरी दुकानात येऊन बसतात आणि माझ्या सोल्डरिंगला नावं ठेवतात.

तू माझा नंबर तुझ्या फोनवर बंद करून टाकलास, तीन वर्षं झाली. म्हणून हे पत्र. शेजारचे रोहिदासभाऊ धुळ्याच्या बसवर कंडक्टर आहेत, उद्या सकाळी त्यांच्या हाती देते. शेवटपर्यंत वाच गं, मग हवं तर फाड.

काम सांगते. धरणगावला रुपचंदशेठच्या जिनिंगमध्ये आपण बसवलेली पेटी आठवते ना? कापूस पाइपातून ओढला जातो, त्यात खडा आला आणि लोखंडावर आपटला की ठिणगी उडते. पेटी ती बघते, यंत्र थांबवते, लाल बत्ती लावते. बाकी वेळ हिरवी. बारा वर्षं इमानाने चालली. दिवाळीनंतर तिच्यातला बोर्ड प्रोग्रामच विसरला.

प्रोग्रामची फाईल माझ्याकडे आहे. पण ती बोर्डात चढवायचं सॉफ्टवेअर कुठून आणू? बोर्डाची कंपनी केव्हाच बंद पडली. तिच्या वेबसाइटचा पत्ता टाकला तर चपलांचा सेल उघडतो. माहितीपुस्तिकेची चाळीस पानं एका ठिकाणी सापडली, त्यात नेमकं चढवण्याचं प्रकरण गायब. एका फोरमवर दहा वर्षांपूर्वी कुणीतरी अगदी माझाच प्रश्न विचारलाय आणि खाली स्वतःच लिहिलंय, ‘जमलं, धन्यवाद.’ कसं जमलं ते लिहायला मेल्याचा हात मोडला होता का? गोलाणी मार्केट पालथं घालून जुना कॉम्प्युटर आणला, केबल आणली. शेवटी एका परदेशी म्हाताऱ्या मास्तरांनी जपून ठेवलेली दोन सॉफ्टवेअरं मिळाली. चिपच्या दोन जाती, प्रत्येकीला वेगळं. आपली कोणती ते चिपवरचा नंबर वाचून ठरवा, असं त्यांनी लिहिलंय.

वाचू काय, कपाळ?

हसू येत असेल तुला. अब्बूंच्या रेडिओच्या काळापासून आमच्या दुकानाची रीत: माल बाहेर जायच्या आधी चिपवरचा नंबर पॉलिश पेपरने घासून टाकायचा, म्हणजे बाजारात कुणाला नक्कल करता येत नाही. मी तर कपाटात ठेवायच्या जादा, कोऱ्या बोर्डाचाही घासला. तू म्हणालीस, ‘येडी, उद्या आपल्यालाच लागंल.’ मी म्हटलं, ‘आपल्याला पाठ आहे.’ पाठ तुला होता. आता भिंग लावून बघितलं, उन्हात तिरपा धरून बघितला. काही दिसत नाही. काम चोख करते ना मी.

मग अंदाजाने एक सॉफ्टवेअर चालवलं आणि जुना बोर्ड कायमचा गेला. आता तो जादाचा एकच उरलाय. त्याला हात लावायची छाती होत नाही. तुझ्या निळ्या वहीत मागच्या पानावर नंबर आहे. तेवढा एक नंबर मला हवाय.

दुकान सोडताना वही तू का घेऊन गेलीस ते मला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी पेटीमुळे खरी आग टळली. शेठने सगळ्यांसमोर मला शाल-श्रीफळ दिलं, विचारलं, ‘हे डोकं कुणाचं?’ तू मागच्या रांगेत होतीस. मी नुसती हसले. प्रोग्रामची ओळ न् ओळ तुझी होती आणि मी शाल सावरत हसले. तू तेव्हा काही बोलली नाहीस, म्हणून मलाही बोलायला नको वाटलं.

अजून एक सांगायचंय. तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा चपलांचं नि फोरमचं लिहीत बसले.

बोर्ड बिघडला तेव्हा यंत्र सुरूच होईना. हंगाम तोंडावर, शेठ डोक्यावर उभे. ‘एका दिवसात करते,’ म्हटलं आणि तेवढ्यापुरती पेटीला वगळून वायर सरळ जोडून दिली. हिरवी बत्ती लागली, यंत्र फिरलं, शेठ खूश. त्याला आज आठ दिवस झाले. पेटी रिकामी आहे, ज्योत्स्ना. बत्ती नुसती जळते. आणि त्या पाइपाच्या तोंडाशी या हंगामात कापूस लोटायला कोण आहे, तर तुझी दगडीमावशी. परवा मी मुद्दाम विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाली, ‘बत्ती हिरवी शे, मंग कसानी भीती?’ मी मान हलवली आणि घरी आले.

उद्या पत्र पोचणार, तुझं उत्तर उद्या-परवा येणार, न येणार. तोवर ती तिथेच उभी. मी हे काय लिहीत बसलेय?

दुपारचे चार वाजलेत. पत्र तसंच टाकून धरणगावला जाऊन आले. आधी माझ्या हाताने यंत्र बंद केलं, मग शेठना सांगितलं. ते काय काय बोलले ते लिहीत नाही, एकही शब्द खोटा नव्हता. सगळी माणसं जमली. शेठ म्हणाले, ‘बनवणारीलाच दुरुस्त करता येत नाही?’ मी म्हटलं, बनवणारी मी नाही. प्रोग्राम ज्योत्स्नाचा आहे, आता धुळ्यात शिकवते ती. सगळ्यांसमोर सांगितलं. तीन वर्षं उशिरा.

दगडीमावशीला हे माहीतच नव्हतं. तू घरीसुद्धा कधी बोलली नाहीस? ती अंगावरचा कापूस झटकत पुढे आली. मला वाटलं, शिव्या देईल. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, ‘आमनी ज्योत्स्ना ऱ्हाती तं पहिलाच दिन सांगती.’

यंत्र बंद आहे. नंबर मिळेपर्यंत बंदच राहील, आणि मावशीसकट चाळीस माणसं बसून राहतील. माझ्यासाठी पाठवू नकोस. त्यांच्यासाठी पाठव. रोहिदासभाऊ संध्याकाळी परत निघतात, कागदाची चिठ्ठी दिलीस तरी पुरे.

मावशी म्हणते तशी पहिल्याच दिवशी सांगणारी मी नव्हे, हे तुला आधीपासूनच ठाऊक आहे.
तुझी
मिसबाह