जर्मन शिपायाविषयी मिळालेले अभिप्राय

ता. ३ नोव्हेंबर १९२१, गुरुवार

आजपासून रोज लिहिणार. खंड नाही. (मागची वही तिसऱ्या दिवशी बंद पडली, पण ती शाई वाईट होती.)

मोठी बातमी. हंबीररावांच्या तंबूतल्या सिनेमात पाट्या वाचायचं काम मला मिळालं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं येतात, ती ऑडियन्सला मराठीत मोठ्यानं सांगायची. आधीच्या शाळामास्तरांचा घसा बसला. आणखी दोघांना विचारून झालं होतं म्हणे. असेल. मुख्य कारण माझं इंग्रजी. धंद्यानं शिंपी, शाळा दोन यत्ता, बाकी सगळं डिक्शनरी आणि जिद्द. हल्ली महाराजांच्या राज्यात पोरांना शाळा फुकट आणि सक्तीची आहे. मला कोणी सक्ती केली नव्हती.

दुपारी फिल्म चालवून पाहिली. अमेरिकेत केलेली, सहा रिळं. मराठी नाव मी ठेवलं, 'सहा सोबती'. जर्मनीतल्या खेड्यातली सहा पोरं लढाईवर जातात. चिखलात बसतात, बटाटे खातात, उवा मारतात, एकेक करून मरतात. राजा नाही, सेनापती नाही. शेवटी सहाव्याच्या आईला पत्र येतं. संपलं.

चुका: पहिल्या रिळात कोटाला आठ बटणं, चौथ्यात सात. कॉलरची शिवण मशीनची, आणि दाखवलीय खेड्यातल्या म्हातारीनं हातानं घातलेली. कंपनीला पत्र लिहायचं.

संध्याकाळी कागलहून इमाम आला. इमाम म्हणजे सून मदिनाचा भाऊ. तेच बोलणं. आमचा मुलगा गैबी लढाईवर जाऊन सात वर्षं झाली, 'बेपत्ता' असा पलटणीचा कागद येऊन पाच. मदिना चोवीसची. कागलला एक चांगलं स्थळ आहे. काझी म्हणतात, बापानं चार माणसांसमोर 'माझा मुलगा गेला' एवढं म्हणावं, मग इद्दतीचे चार महिने दहा दिवस पाळून पुढं निकाह लावता येईल. इमाम म्हणाला, मामू, तुमच्या तोंडचा शब्द पायजे, दुसरं काय बी नको.

मी म्हटलं, बेपत्ता म्हणजे पत्ता नाही. माणूस नाही असं कुठं लिहिलंय? गैबी कैदेत आहे. तुर्कांच्या कैदेत, आणि तुर्कांचे वरिष्ठ जर्मन. तेव्हा जर्मन माणूस कसा, हाच काय तो प्रश्न.

इमामनं मदिनाकडं पाहिलं. मदिना चुलीकडं गेली.

निश्चय: फिल्म पाहून आलेल्यांचे जर्मन शिपायाविषयी अभिप्राय लिहून घ्यायचे. शास्त्रीय पद्धतीनं. मग इमामला काय ते उत्तर.

ता. ४, शुक्रवार

पहिला खेळ. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

तालमीतली पोरं सुरुवातीला जर्मन दिसला की 'हाण त्येला!' करत होती. तिसऱ्या रिळात ती सहाजणं एका बटाट्यावरून भांडतात, तिथं गप्प झाली. पाचव्यात एकजण नाक ओढत होता. गॅसबत्तीचा धूर फार होतो. हंबीररावांना सांगायचं.

अभिप्राय १. बायडाबाई, भाजीवाली: "त्यो कुरळ्या केसाचा हाय न्हवं, आमच्या गुंडूवानीच चालतंय की त्ये बेनं! ह्यास्नी आपली मानसं मारत हुती?"
अभिप्राय २. गुंडू, तिचा मुलगा: बंदुका भारी.
अभिप्राय ३. तालमीचे वस्ताद: पोरं खायला नसल्यानं मेली, दूध मिळतं तर टिकली असती.

निष्कर्ष: जर्मन शिपाई साधा, घरंदाज, पोटाचा विचार करणारा. असा माणूस कैद्याला उपाशी ठेवणार नाही. गैबीच्या दृष्टीनं उत्तम.

शेवटच्या पाटीबद्दल. तिच्यावर चारच शब्द आहेत. इतक्या त्रोटक मजकुरातून ऑडियन्सला काही कळत नाही, तिथं वाचणाऱ्याला स्वतःचं डोकं वापरावं लागतं. मी सांगितलं, "आई, तुझा मुलगा कैद झाला आहे. सुखरूप आहे. येईल." तंबूत शिट्ट्या. पागोटी उडाली. हंबीररावांनी पाठ थोपटली.

ता. ६, रविवार

काल लिहिलं नाही. अभिप्राय गोळा करण्यात वेळ गेला. एकूण एकवीस. जर्मनाच्या बाजूनं सतरा, विरुद्ध दोन, फिल्म न बघता झोपलेले दोन.

दत्तोपंत येऊन गेले. कचेरीतून पेन्शनीत निघालेले, इंग्रजीचा अभिमान फार. म्हणाले, नबीलाल, शेवटच्या पाटीवर 'रणांगणावर पडला' असं आहे. तुम्ही कैद कुठून आणलीत?

मी म्हटलं, पडला म्हणजे उठत नाही असं थोडंच आहे.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, तुमचं बरोबर आहे. आणि गेले. वाद जिंकला. मात्र जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्याचं कारण कळलं नाही. कचेरीतलं इंग्रजी वेगळं असतं, त्याला ते तरी काय करणार.

पानतंबाखू उद्यापासून बंद.

ता. ८, मंगळवार

पान बंद, तंबाखू चालू.

आज आकाराम फिल्मला आला होता. गैबीच्या पलटणीतला. कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात दोघं बरोबर होते. हा तुर्कांच्या कैदेतून दोन वर्षांपूर्वी परत आला. तेव्हापासून भेटला की 'नबीभाई, एक बोलायचं हुतं' असं सुरू करतो. नेमकं तेव्हाच मला काहीतरी काम असतं.

अभिप्राय २९. आकाराम: चिखल बरोबर आहे. माणसं बरोबर आहेत. मेल्यावर बुटं काढून घेतात ते तर अगदी बरोबर. मी बटणांची चूक दाखवली तर म्हणाला, "नबीभाई, बटनं कोन मोजतंय तितं?"

मग म्हणाला, "गैबीचं सांगतो आता. बसा खाली."

मी म्हटलं, रीळ गुंडाळायचंय. रीळ गुंडाळायचं काम मशीनवाल्याचं आहे, हे आकारामलाही माहीत आहे. तो विडी पेटवून तंबूच्या दोरीला टेकून राहिला. मी मागच्या बाजूनं घरी आलो. तो रस्ता जवळचा आहे.

ता. १०, गुरुवार

उद्या फक्त बायकांचा खेळ. पुरुष माणूस आत नाही, मशीनवाल्याभोवती कनात, माझ्याभोवती कनात. आवाज तेवढा बाहेर. बायकोला, मेहमुदाला, म्हटलं, मदिनाला घेऊन ये. बायको म्हणाली, ज्या घरचा पोरगा लढाईवर गेला त्या घरानं लढाईचा तमाशा बघायचा व्हय? मी म्हटलं, तमाशा नव्हे, माहिती. शेवटी तयार झाली.

प्लॅन असा: मदिना स्वतःच्या डोळ्यांनी जर्मन माणसं बघेल. शेवटची पाटी माझ्या तोंडून ऐकेल. मग आपणहून इमामला सांगेल, मला कागलला यायचं नाही. मला एक शब्द बोलावा लागणार नाही.

आतापर्यंत अभिप्राय अडतीस. जर्मनाच्या बाजूनं चौतीस. याउपर कोणाला काय पुरावा पाहिजे?

ता. ११, शुक्रवार

खेळ झाला.

सविस्तर लिहिणार होतो. लिहितो.

बायका मधूनमधून बोलतात, पुरुषांसारख्या ओरडत नाहीत. "आगं बया, ल्हान हाय गं," असं दोनदा ऐकू आलं. एकेक पोरगा मेला की बांगड्यांचा आवाज व्हायचा. पाचव्या रिळापर्यंत माझा आवाज चांगला होता.

शेवटचा सीन. आई पत्र घेते. मी पाटी सांगितली. कैद झाला आहे, सुखरूप आहे, येईल.

शिट्टी नाही. मग बायडाबाई (दुसऱ्यांदा आली होती) अंधारातून म्हणाली, "मास्तर, सुखरूप हाय म्हंतासा, मग म्हातारी रडती का?"

मी म्हटलं, आनंदाश्रू.

पडद्यावर ती म्हातारी उठते, पोराचे कपडे घडी घालून पेटीत ठेवते, पेटीला कुलूप लावते. इतके खेळ झाले, मी त्या वेळी सदऱ्याची शिलाई बघत होतो. चौथ्या घडीला बाही उलटी जाते, तीही चूक लिहून ठेवलेली आहे.

कनातीच्या अगदी पलीकडून मदिनाचा आवाज आला. मोठ्यानं नव्हे. "अब्बा, येनाऱ्याची कापडं कोन कुलपात घालतंय?"

मशीन थांबलं. बत्त्या लागल्या. मी कनातीतच बसून राहिलो. सगळ्या बायका गेल्यावर मेहमुदा आत आली. मला वाटलं, बोलेल. ती म्हणाली, चला, भाकरी गार हुतील.

अभिप्राय ३९. लिहिला नाही.

ता. १२, शनिवार, सकाळ

आकारामकडं गेलो. मीच म्हटलं, सांग.

त्यानं सांगितलं. कूत पडल्यावर सगळ्यांना धरून वाळवंटातून चालवत नेलं. गैबी आठ दिवस चालला. हगवण होती. नवव्या दिवशी सकाळी उठला नाही. आकाराम आणि दुसऱ्या एकानं हातानं वाळू उकरून त्याला ठेवलं. तिथं नाव लिहून घ्यायला कोणी नव्हतं.

म्हणजे कैद झाला होता, हे माझं बरोबर निघालं.

विचारलं, जर्मन होते का? आकाराम म्हणाला, "जर्मन? तितं एक बी न्हवता, नबीभाई."

मी पुढं काही विचारलं नाही. कोणत्या बाजूला डोकं ठेवलं, अंगात काय होतं, पाणी मागितलं का. मला नेहमी सगळं बारकाईनं लागतं. आज नाही विचारलं. आकारामच्या बायकोनं चहा दिला. तो प्यालो.

ता. १४, सोमवार

काल मदिनाला घेऊन कागलला गेलो. काझी, इमाम, त्याचे चुलते आणि एक शेजारी. चारजण झाले. मदिना आतल्या दाराशी होती.

काझींनी सांगितलेलं एकच वाक्य होतं. म्हटलं.

इमाम म्हणाला, मामू, आयकायला आलं न्हाय.

पुन्हा म्हटलं. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं. मलाही.